आजारपण कोणी काढलं

नातं या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. नावाच्या रकान्यात एका बाईचं नाव, फोनच्या रकान्यात नंबर आणि नात्याच्या रकान्यात रेघ. रविवारची सकाळ होती, स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलावर विम्याचे कागद पसरले होते आणि बाथरूममध्ये नवरा दाढी करता करता शीळ घालत होता. तिनं तो कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, रेघेखाली काही लिहून खोडलंय का ते. काही नव्हतं. रेघ सरळ होती, सवयीच्या हातानं मारलेली. अशा रेघा तिनं स्वतः बारा वर्षं मारल्या होत्या. तिकडं मायदेशी, मोठ्या इस्पितळात ती पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर होती आणि नव्या पेशंटचे कागद भरताना सोबतच्या माणसाला विचारायची, तुम्ही यांचे कोण? भाऊ, मेव्हणा, शेजारी, गाववाला, जे सांगतील ते लिहायची. पण कधी कधी सोबत आलेलं माणूस, बहुतेक वेळा बाईच, प्रश्न ऐकून एकदम पंख्याकडे बघायला लागायचं. अशा वेळी दोनदा विचारायचं नाही हा वॉर्डातला न लिहिलेला नियम होता. तिथं रेघ मारायची आणि पुढच्या रकान्याकडे वळायचं. म्हणजे इथल्या कुठल्याशा सिस्टरनंही दोनदा विचारलं नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. चार वर्षांपूर्वी तो एकटा या शहरात आला आणि ती तीन महिन्यांपूर्वी. कंपनीनं यंदा विमा बदलला होता आणि बायकामुलांसकट सगळ्यांनी नवे फॉर्म गुरुवारपर्यंत द्यायचे होते. दोन योजना होत्या. एकीत सगळे उपचार इथंच, कुठल्याही इस्पितळात. दुसरीत इथं फक्त किरकोळ दुखणी बघायची आणि मोठं काही झालं तर सोबत माणूस देऊन विमानानं मायदेशी पोचवायचं. दोहोंतली एकच घेता येत होती. आठवडाभर तो फॉर्म फ्रिजवर पडून होता. शेवटी नवरा म्हणाला होता, "तू सिस्टर आहेस, तुला यातलं कळतं, तूच बघ." तिला बरं वाटलं होतं. इथं आल्यापासून आपल्याला कळतं असं काही उरलंच नव्हतं. तिचं सर्टिफिकेट कुठल्याशा ऑफिसात तपासणीला पडलं होतं आणि ते सुटेपर्यंत तिला इथं कुणाला साधी पट्टीसुद्धा बांधता येणार नव्हती. तेव्हा तिनं जरा ऐटीतच पेन उघडलं. गेल्या पाच वर्षांत इस्पितळात दाखल झाला होता काय? नवऱ्याच्या पानावर तिनं 'नाही'वर ठसठशीत खूण केली. विचारायचं काय त्यात? आपल्या माणसाचं दुखणंखुपणं बायकोला माहीत नसेल तर कुणाला असेल? मग पुढच्या पानासाठी जुन्या विम्याचा नंबर हवा म्हणून तिनं त्याची फाईल उघडली, तर आत हे रेघेचं डिस्चार्ज कार्ड. तीन वर्षांपूर्वीचं. डाव्या बाजूचा न्युमोनिया, फुप्फुसाभोवती पाणी, बरगड्यांमधून नळी. नऊ दिवस.

"हे काय आहे?" तिनं हाक मारून विचारलं.

तो अर्ध्या गालावर फेस घेऊन बाहेर आला. कागद बघून खरोखर खूश झाला. "सापडलं का? मी मागे किती शोधलं ते!"

"तुला न्युमोनिया झाला होता."

"झाला होता ना. मेलोच होतो जवळजवळ." मग तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "अगं, तुला कशाला सांगायचं? तू तिकडं, मी इकडं. उगाच जिवाला घोर."

"जवळ कोण होतं?"

"स्टोअरवाली यायची."

"यायची म्हणजे?"

"म्हणजे यायची. डबा घेऊन." त्यानं टॉवेलनं कानातला फेस पुसला. "हां, बरं आठवलं. त्या फॉर्मात घराबाहेरचं एक माणूस लागतं ना, याच शहरातलं, अडीअडचणीला फोन करायला? माझ्या नावापुढं तिचंच आहे आधीपासून. तुझ्यापुढंही तिचंच लिही. तुला इथं दुसरं आहे कोण? फक्त तिची सही आणावी लागेल." आणि तो उरलेली दाढी करायला आत गेला. शीळ पुन्हा सुरू झाली, मघाशी जिथं सुटली होती तिथूनच.

स्टोअरवाली तिला चांगली माहीत होती. निदान त्या सकाळपर्यंत तिचा तसा समज होता. चार वर्षं नवऱ्यानं फोनवर ज्या गमती सांगितल्या त्यातल्या निम्म्या स्टोअरवालीच्या. कंपनीच्या तळघरात सुट्या भागांचं स्टोअर आहे, तिथं जाळीच्या खिडकीमागं ती बसते, आपल्याच बाजूची आहे, पण ओळख दाखवून उपयोग नाही. सहीशिवाय साधा वायसर देत नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांना एका बल्बसाठी दोन मजले परत पाठवलं. हे ऐकून ती तिकडं वॉर्डामागच्या पायऱ्यांवर बसून पोट धरून हसायची आणि ड्यूटीवरच्या बाकीच्या सिस्टरना सांगायची. मनातल्या मनात तिनं एक बाई उभी केली होती, पन्नाशीची, जाडजूड, नाकावर चष्मा, आवाज खरखरीत. नवरा ज्या बाईची आपल्याजवळ टिंगल करतो तिची काळजी करायचं कारण नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते ती धरून चालली होती. आता तिच्या ध्यानात आलं की इतक्या गमती सांगताना त्यानं एकदाही तिचं वय सांगितलं नव्हतं. डबा घेऊन यायची. काय असायचं डब्यात? तापात त्याला काही गिळवत नाही. भात अगदी मऊ लागतो, कोमट लागतो, आणि कुणी भरवला तरच जातो, एरवी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. हे स्टोअरवालीला कुणी सांगितलं असेल? त्यानंच. किंवा सांगावंही लागलं नसेल, तिचं तिलाच कळलं असेल. हे दुसरं जास्त वाईट होतं. तिनं कागदांची थप्पी केली, टेबल पुसलं आणि पुसलेलं टेबल पुन्हा एकदा पुसलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला टायफॉईड झाला होता. त्याआधीचे सहा महिने दोघं नवराबायको होती ती नावाला. तो संकोची, ती ड्यूटीनं दमलेली, एकमेकांना पाणी देतानासुद्धा पाहुण्यांसारखी द्यायची. मग तो अंथरुणाला खिळला आणि तिनं एकवीस दिवस रजा काढली. ताप चढला की तो तिच्या बाहीची कड दोन बोटांत धरून झोपायचा. कड सुटली की जागा व्हायचा, डोळे न उघडता चाचपायचा. ती डावा हात त्याला देऊन ठेवायची आणि उजव्यानं जेवायची, केस विंचरायची, पेपर चाळायची. सासूबाई एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "लहानपणी माझी बाही धरायचा. त्याच्या आजारपणात दुसऱ्या कुणाचा हात म्हणून चालायचा नाही. आता तू सांभाळ." आणि त्या आत निघून गेल्या. तेव्हा तिला जे वाटलं ते तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. वॉर्डात शेकड्यांनी माणसं तिच्या हाताखालून गेली होती. कुणाचं अंग पुसलं, कुणाला कुशीवर वळवलं, कुणाचे डोळे मिटले. ते काम होतं, चांगलं काम होतं, पण घंटा झाली की हात धुऊन बाहेर पडता यायचं. हे आजारपण मात्र तिचं होतं. हक्काचं. त्या एकवीस दिवसांत तिचं लग्न लागलं, असं ती मनाशी मानत आली होती. आणि आता कळत होतं की परक्यांची आजारपणं काढण्यात तिनं हयात घालवली आणि घरच्या माणसाचं आजारपण परकीनं काढलं.

मत्सर वाटत होता. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नव्हता. त्या दोघांत काही होतं का, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही, सोमवारी भांडी घासताना तो पडला आणि नवल म्हणजे फारसा टोचला नाही. असलं काही झालं असतं तर तिला राग आला असता, आदळआपट झाली असती, रडणं, समजूत, त्याचं तंत्र जगाला ठाऊक आहे. पण नळीतून पाणी किती उतरलं हे त्या बाईनं रोज वाकून पाहिलं असेल, कालच्यापेक्षा आज कमी आहे म्हणून तिला बरं वाटलं असेल, हे काही तिला सोसेना. खोकताना दुखू नये म्हणून छातीवर उशी धरून बसायचं असतं. ती उशी कुणी धरली? त्याची पाठ कुणी पुसली? तिनं त्या नऊ दिवसांचे मेसेज शोधून काढले. नव्या टॉवरमध्ये सोळा लिफ्ट, शाफ्टमध्ये रेंज नाही, काळजी करू नको. सगळं ठीक. जेवलो. फोन एकच झाला होता, आणि तो तिला आता शब्दन्‌शब्द आठवला. त्याला धाप लागली होती. तिनं विचारलं, काय रे, एवढा का दमलास? तो म्हणाला, जिने चढून आलो. आणि ती हसली होती! लिफ्टवाला आणि जिने, म्हणून खो खो हसली होती, वर सिस्टरांच्या खोलीत जाऊन विनोद म्हणून सांगितलाही होता. दारातून येणाऱ्या पेशंटची धाप ऐकून कुठलं फुप्फुस ते सांगणारी ती. तो हसू आवरत नाहीसं दाखवून खोकला होता आणि मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं होतं, बहुतेक पाणी देताना. त्या वेळी तिला वाटलं होतं, टॉवरवरचा कुणी कामगार असेल.

मंगळवारी तिनं कार्ड उलटून पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक रकाना होता. रुग्णास मायदेशी पाठवावे काय? पुढं 'नको'वर खूण, आणि खाली सही. सही नवऱ्याची नव्हती. वळणदार, शांत, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेली सही होती ती. सह्या घेण्यात आणि देण्यात जिचा जन्म जातो तिची. म्हणजे जुन्या विम्यात तीही सोय होती. विमानात घालून, सोबत माणूस देऊन, तिच्या वॉर्डात, तिच्या खाटेवर त्याला आणून ठेवता आलं असतं, आणि त्या बाईनं 'नको' म्हटलं होतं. तिनं तो कागद टेबलावर पालथा घातला. नवरा संध्याकाळी आला तेव्हा ती दुसऱ्या योजनेवर, परतीच्या योजनेवर, खूण करायला पेन घेऊन बसली होती.

"ही का?" त्यानं बूट काढता काढता विचारलं. "आपल्याला इथं राहायचंय ना?"

"मोठं दुखणं आपल्या माणसांत काढावं."

"आपली माणसं म्हणजे? तू इथं, मी इथं. तिकडं आई, तिचेच गुडघे चालत नाहीत. माझं आजारपण ती काढणार की तिचं मी?"

"तिकडं माझा वॉर्ड आहे."

"तू नाहीस ना पण वॉर्डात." त्याला खरंच काही उमगत नव्हतं. "एवढी वर्षं वाट बघून तुला आणलं आणि तू पहिली काय बघतेस, तर परत जायची सोय. असं काय करतेस, सिस्टर?"

तिला सांगता आलं असतं. इथं तुला काही झालं की ती डबा घेऊन येईल, इस्पितळातल्या बायका तिला ओळखतील आणि मला विचारतील, तुम्ही यांच्या कोण? पण असलं बोलायला जीभ रेटत नाही. "अजून खूण केली नाही," ती म्हणाली, आणि उठून कूकर लावला. सासूबाईंचा फोन आला तेव्हा मात्र तिच्या तोंडून निघून गेलंच, की तीन वर्षांपूर्वी याला न्युमोनिया झाला होता, छातीत नळी घातली होती, आपल्यापासून लपवलं. मग सासूबाईंनी तब्येत नाही विचारली, डॉक्टर नाही विचारला, पहिलाच प्रश्न टाकला तो वर्मावर.

"अगं बाई! मग आजारपण कोणी काढलं?"

"सिस्टर होत्या ना इस्पितळात," ती म्हणाली. खोटं बोलताना तिला जाणवलं की आपण स्टोअरवालीला झाकतोय. का, ते तिला कळेना.

बुधवारी दुपारी ती फॉर्म घेऊन गेली. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. कंपनीचं दार शोधायला वेळ लागला नाही, दुकानांच्या रांगेतली राखाडी इमारत, आत शिरल्यावर ग्रीस आणि रबराचा वास, जिन्यावरून खाली जायला बाण. लिफ्टच्या कंपनीत तळघराला लिफ्ट नव्हती. खाली अरुंद बोळ होता, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खण, प्रत्येक खणावर चिठ्ठी, पुली, बटणांच्या पट्ट्या, दाराचे रूळ, जाड तारदोरांची वेटोळी. टोकाला जाळीची खिडकी आणि जाळीमागं दिवा. येताना ती वाटभर मनात बोलणं जुळवत आली होती, पहिलं वाक्य थंड, दुसरं त्याहून थंड. जाळीमागच्या बाईनं मान वर केली आणि ती सगळी वाक्यं विसरली. बाई पन्नाशीची नव्हती. तिच्याच वयाची, छत्तीस-सदतीसची असेल. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, अंगात निळा कोट. चष्मा तेवढा होता. देखणी नव्हती, पण बघत राहावंसं काहीतरी होतं, बहुतेक ती घाई करत नव्हती ते.

"तुम्ही सिस्टर ना?" बाई म्हणाली. आवाज खरखरीत वगैरे काही नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही चिठ्ठ्या वाचत आलात. इथं येणारे वाचत नाहीत, ओरडतात." तिनं जाळीचं दार आतून उघडलं आणि स्टूल पुढं ढकललं. "बसा. तो म्हणाला होता तुम्ही आलात म्हणून. मी म्हटलं, एकदा घेऊन ये. तर म्हणे, आणीन आणीन. तीन महिने झाले."

तो. तिनं तो शब्द नीट ऐकला. सहज आला होता, मुद्दाम नव्हता, आणि म्हणूनच लागला. तिनं फॉर्म पुढं केला आणि सहीबद्दल सांगितलं. स्टोअरवालीनं फॉर्म घेतला, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागली. पहिल्या पानापासून, शेवटच्या ओळीपर्यंत, मधल्या बारीक अक्षरांसकट. नवऱ्याच्या गमतीतली बाई हीच, खातरी होती. फॉर्म वाचताना तिचा उजवा हात टेबलावर होता आणि निळ्या बाहीच्या मनगटाशी बटण नव्हतं. बटणाच्या जागी दोऱ्याची दोन तुटकी टोकं तेवढी उभी होती. एवढी टापटिपीची बाई, खणाखणावर चिठ्ठ्या लावणारी, आणि स्वतःच्या कोटाला बटण नाही. सिस्टरचं लक्ष तिथं गेलं ते हलेना.

"बटण तुटलंय तुमचं," ती म्हणाली.

स्टोअरवालीनं मनगटाकडे पाहिलं. "त्यानं तोडलं ते." ती पान उलटत म्हणाली. "इस्पितळात. कामावरून तशीच जायचे, कोट घालूनच. तापात धरून ठेवायचा बाही. सोडवायला गेलं की आणखी घट्ट. एक दिवस बटणच हातात आलं त्याच्या." मग ती थांबली. समोरचा चेहरा बघून थांबली असावी. "तुम्हाला माहीत असेल ना ती खोड?"

"माहीत आहे," सिस्टर म्हणाली.

तीन वर्षं. तीन वर्षांत एक बटण लावायला या बाईला वेळ झाला नव्हता. सुट्या भागांच्या राज्यात बसून. सिस्टरला वाटलं, आत्ता उठावं, फॉर्म ओढून घ्यावा, वर जावं आणि परतीच्या योजनेवर ठळक खूण करून टाकावी. उठण्याऐवजी तिनं पर्समधून डिस्चार्ज कार्ड काढलं आणि पालथं करून टेबलावर ठेवलं. "ही सही तुमची?"

"माझी."

"त्याला तिकडं पाठवायला नको म्हणालात तुम्ही. माझ्याकडे. मी सिस्टर आहे हे माहीत असून."

स्टोअरवाली गोंधळली. "अहो, डॉक्टर म्हणाले ना. छातीत नळी आहे, विमानात बसवता येणार नाही. वर गेल्यावर फुप्फुस..." तिनं हाताची मूठ मिटून दाखवली. "मला काही ते नीट कळलं नाही. म्हणाले, सही करा, केली. तो तर शुद्धीवर कुठं होता!"

छातीत नळी असलेल्या पेशंटला विमानात बसवत नाहीत. हे तिला कुणी सांगायला हवं होतं? हे तिनं स्वतः किती नातेवाइकांना सांगितलं होतं, वॉर्डाच्या दारात उभं राहून, जरा वैतागूनच, की अहो, घाई करू नका, नळी निघू दे, आठवडे जाऊ देत, मग बघा विमानाचं. शिकाऊ मुलींना ती हे पहिल्या महिन्यात शिकवायची. आणि आदल्या दिवसापासून तो कागद हातात घेऊन ती बसली होती, नळी हा शब्द पुढून वाचला होता, 'नको' हा शब्द मागून, आणि दोन्हीची गाठ तिच्या डोक्यात पडली नव्हती. बारा वर्षांची नोकरी एका सहीपुढं पाण्यात गेली. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजेखाली जे होतं ते हललं नव्हतं, तसंच घट्ट बसून होतं, आणि तेच तिच्या तोंडून बोललं.

"सही करताना बरं वाटलं तुम्हाला?"

बोळात कुणीतरी येऊन ओरडलं, दाराचा रूळ हवा म्हणून. स्टोअरवालीनं तिकडं न बघता हात वर केला, थांबा म्हणून. मग चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचे डोळे दमलेले दिसत होते.

"वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? या गावात येऊन मला अकरा वर्षं झाली. इथं मला सगळे विचारतात ते अमुक आहे का, तमुक आहे का. तेव्हा पहिल्यांदा मला कुणी विचारलं, की यांचं काय करायचं? मला विचारलं. आणि मी नको म्हटल्यावर तो राहिला." ती जरा थांबली. "डॉक्टर बोलले नसते तरी मी तेच म्हटलं असतं का, ते मला माहीत नाही. तुम्ही विचाराल म्हणून बरेचदा विचार केलाय मी त्याचा."

वाटभर सिस्टरनं जी उत्तरं या बाईच्या तोंडी घातली होती त्यात हे नव्हतं. मारामारीची तयारी करून यावं आणि समोरच्यानं दार उघडून आत घ्यावं, तसं तिला झालं. रूळवाल्याला रूळ मिळाला, त्याची सही झाली, तो गेला. स्टोअरवालीनं चष्मा पुन्हा घातला, फॉर्मवर नाव लिहिलं, नंबर लिहिला, सही केली, तीच शांत, सुटी अक्षरं. मग पेन अडलं.

"नातं काय लिहायचं?"

मैत्रीण लिहिता आलं असतं. ओळखीच्या. नवऱ्याच्या कामावरच्या. एक शब्द असाही होता जो दोन दिवस तिच्या जिभेवर होता आणि जो कुठल्याच फॉर्मात बसत नाही. तिनं पंख्याकडे पाहिलं. तळघरात पंखा होता, गरगरत होता.

"रेघ मारा," ती म्हणाली. "वाचणाऱ्याला कळतं."

स्टोअरवालीनं रेघ मारली. सरळ आली. मग तिनं खण उघडून दुसरा फॉर्म काढला, स्वतःचा, उद्याच द्यायचा होता. सगळं भरून झालेलं, सुट्या अक्षरात, फक्त घराबाहेरच्या माणसाचा रकाना कोरा. "दर वेळी हे कोरं ठेवून देते," ती जरा हसून म्हणाली, "आणि दर वेळी परत पाठवतात. मी लोकांना परत पाठवते, मला ते पाठवतात. या वेळी म्हटलं, लिहावं त्याचंच नाव. माझं तरी कोण..."

"माझं लिहा," सिस्टर म्हणाली.

इतक्या झटकन म्हणाली की दोघीही दचकल्या. त्याचं नाव त्या रकान्यात जायच्या आत आडवं पडायचं होतं, एवढंच तिच्या मनात होतं, दुसरं काही नव्हतं. पण बोललेलं बोललं होतं. स्टोअरवाली तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सिस्टरनं वॉर्डात फार वेळा पाहिलं होतं. सोबत कुणी नाही असं लिहून ठेवलेल्या पेशंटला भेटायच्या वेळी अचानक कुणी आलं की तसं होतं.

"खरंच?"

"मी दुसरं काय करते इथं," सिस्टर म्हणाली. "नंबर घ्या."

ती नंबर सांगत गेली आणि स्टोअरवाली लिहीत गेली. नात्याच्या रकान्यात तिनं न विचारता रेघ मारली. सिस्टरनं स्वतःचा फॉर्म ओढून घेतला. 'नाही'वरची ती ठसठशीत खूण खोडून तिनं 'होय'वर केली, कारण विचारलं होतं तिथं न्युमोनिया लिहिलं, दिवस नऊ. मग स्टोअरवालीच्याच पेनानं इथल्या योजनेवर खूण करून टाकली. आता इथून हलणं शक्य नव्हतं. हिला इथं एकटीला सोडून तो आणि आपण तिकडं, असं होणार नव्हतं, आणि आपण तिकडं आणि ही दोघं इथं, असं तर मुळीच नाही. पेन परत करताना तिची नजर पुन्हा त्या तुटक्या दोऱ्यांवर गेली. पर्समध्ये सुईदोरा होता, सिस्टरच्या पर्समध्ये असतोच. तो काढायची तिला तीव्र इच्छा झाली, पण तिनं काढला नाही. इतक्यात नाही.

"येत जा," स्टोअरवाली जाळीचं दार लावताना म्हणाली.

"बोलावलंत की येईन," ती म्हणाली, आणि खणांमधून, चिठ्ठ्या वाचत, जिन्याकडे निघाली. वर चढताना तिला दिसत होतं, हिला ताप आलेला आहे, खोलीचे पडदे ओढलेले आहेत आणि फोन आपल्याला आला आहे, त्याला नाही. आपण अंग पुसतो आहोत. भात अगदी मऊ, कोमट. केस सोडवून, गुंता न ओढता, विंचरतो आहोत. उशी कशी धरायची, ते दाखवून. पाणी चमच्यानं, घाई न करता, ओठ ओले होतील एवढंच. असं आजारपण काढीन तुझं, तिनं मनात म्हटलं, की तू जन्मात विसरायची नाहीस, बाही धरायला डोळे मिटून चाचपशील ती माझीच, आणि उठून बसशील तेव्हा तुला कळेल की त्या नऊ दिवसांत तुझं काय काय चुकलं होतं. ती जिन्याच्या मधल्या वळणावर दम घ्यायला थांबली. खाली कुणीतरी पुन्हा काहीतरी मागत होतं आणि तो शांत आवाज सही मागत होता.

पड तर खरी एकदा आजारी.